माझं एकमेव बाळंतपण

आयुष्यात मी एकदाच बाळंत झालो. दवाखान्याच्या पडवीत, भर दुपारी, सात सुइणींच्या देखत. बाळ जुन्या धोतराच्या चिंध्यांचं होतं, त्यामुळे ते रडलं नाही. रडायची वेळ माझ्यावर आली. ही हकीकत मी बायकोला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितली. ती एवढंच म्हणाली, "तरीच." त्या 'तरीच'चा अर्थ विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तेव्हा मी पंचविशीचा, बिनलग्नाचा, साताऱ्याकडचा. डॉक्टरकीची शेवटची परीक्षा तिसऱ्या खेपेला पदरात पडलेली. नेमणूक झाली पश्चिम खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याला, खापरच्या बाजारापासून कोसभर आत असलेल्या एका खेड्यात. दोन खोल्या, एक पडवी, एक कपाट आणि एक कंपाउंडर. कपाटाची किल्ली आणि माझी अब्रू, दोन्ही कंपाउंडरच्या ताब्यात. तो नंदुरबारकडचा, वयानं माझ्या वडलांएवढा. माझ्याशी अहिराणीत बोलायचा, डोंगरातल्या माणसांशी भिलोरीत. शुद्ध मराठी त्यानं तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी राखून ठेवलं होतं.

वर्षभरात वरून पत्र आलं की डोंगरातल्या सुइणींना बोलावून सहा आठवडे सुरक्षित बाळंतपणाचं शिक्षण द्यावं. सोबत छापील सूचनांचा कागद आणि नव्याकोऱ्या कात्र्यांची एक पेटी. शिक्षण द्यायचं कोणी, तर मी. मी तोवर तीन बाळंतपणं पाहिली होती. त्यातलंही एक अर्धंच, कारण उरलेल्या वेळात मी बाहेर बाकावर आडवा होतो आणि नर्स माझ्या तोंडावर पाणी मारत होती.

सुइणी आल्या सात. सहाजणींना कचेरीचा शिपाई घेऊन आला, म्हणजे त्या आल्या असं म्हणण्यापेक्षा आणल्या. सातवी आपली आपण आली. काठी गावाच्या वाटेवरच्या एका पाड्यावरून, पहाटे निघून ऊन चढताना पोहोचली. हाडकुळी, ताठ, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पडवीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "डागतर, मला शिकव." डोंगरात साहेबालाही तू आणि देवालाही तू. मला ते आधी खटकायचं, पुढे 'साहेब' खटकायला लागलं.

"ही कशी काय आपणहून आली?" मी कंपाउंडरला विचारलं.

त्यानं मला कपाटामागे ओढलं. "सायेब, तिले डाकीन म्हनी ऱ्हायनात."

मग त्यानं सांगितलं ते असं. तिच्या पाड्याच्या कारभाऱ्याची सून दोनदा बाळंत झाली होती. दोन्ही वेळा सुईण हीच. दोन्ही मुलं धडधाकट जन्मली आणि दोन्ही आठव्या दिवशी गेली. दूध ओढायची थांबली, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताणलं आणि संपलं. एकदा झालं तेव्हा लोक गप्प राहिले. दुसऱ्यांदा झालं तेव्हा म्हणाले, हिचीच नजर. आता सून तिसऱ्यांदा गरोदर होती, होळीच्या आधी दिवस भरत होते. या खेपेला म्हातारीला घरात घ्यायचंच नाही असं कारभाऱ्याच्या बायकोनं ठरवलं होतं. पण घेतलं काय, न घेतलं काय, हेही मूल गेलं तर पाप तिच्याच माथी. मग डाकीण म्हणून तिला पाड्यातून हाकलणार. आणि डाकीण ठरलेली बाई नुसती हाकलली गेली तर ती नशिबाची, असं कंपाउंडर खाली बघत म्हणाला.

मुलं कशानं गेली ते मला ऐकताक्षणी कळलं. धनुर्वात. पुस्तकात पान होतं त्याचं. इतकं लगेच कळल्यामुळे मी स्वतःवर फारच खूश झालो, आणि मी स्वतःवर खूश झालो की पुढे काय होतं ते माझ्या आयुष्यात पुष्कळांनी भोगलं आहे.

वर्गाचा विषय स्वच्छता. म्हणून पहिल्या दिवशी मी पडवी ताज्या शेणानं छान सारवून घेतली. आमच्याकडे शेण म्हणजे पवित्र. त्याखेरीज शुभकार्य सुरू होत नाही. त्या ओल्या सारवणावर सुइणींना बसवलं आणि जंतू या विषयावर तासभर बोललो. मग पेटीतली कात्री उंच धरली.

"नाळ कशानं कापता?"

"बांबूच्या पात्यानं," म्हातारी म्हणाली. (तिचं बोलणं भिलोरीत, कंपाउंडर मला सांगायचा, इथे मी माझ्या भाषेत देतो आहे.)

"तेच! त्या बांबूनंच मुलं मरतात. यापुढे कात्री."

म्हातारीनं कात्री हातात घेतली, उघडली, मिटली. "ही एकदा वापरून टाकून द्यायची?"

"टाकून कशी देशील? सरकारी आहे. जपून ठेवायची."

"मग पुढच्या बाईला पण हीच?"

"हीच."

"बांबू मी दर वेळी हिरवा तोडते, चिरते, कापून झालं की फेकते. एका बाईचा दुसरीला नाही."

उत्तर नसलं की मी आवाज चढवायचो; सरकारी नोकरीत ते चालून जायचं. "लोखंड ते लोखंड," मी गरजलो. सगळ्याजणींनी माना डोलावल्या आणि एकेक कात्री घेतली.

माना डोलावण्यात त्या फार तयार होत्या. "कापल्यावर नाळेला काय लावता?" "काही नाही." "नखं कापता ना?" "कापतो." "हात धुता?" "धुतो." अशा हुशार विद्यार्थिनी मिळाल्या म्हणून मी वर अहवाल पाठवला. पंधरा दिवसांनी खापरच्या बाजारात त्यातलीच एक हुशार विद्यार्थिनी दिसली. बाजारापुरती घरी गेली होती. तिचा नवरा झाडाखाली बसून माझ्या सरकारी कात्रीनं बकरीचे केस कापत होता आणि शेजारी तंबाखू कापायला दोघं नंबर लावून बसले होते.

"बेस कात्री शे सायेब," कंपाउंडर म्हणाला. "अख्खा पाडा वापरी ऱ्हायना."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात शंका आली. पण वर्ग बंद करता येईना, म्हणून मी युक्ती काढली. तोंडी विचारायचं नाही, करून दाखवायला लावायचं. चिंध्यांचं बाळ केलं, त्याला सुतळीची नाळ शिवली. आता अडलं ते आईपाशी. सातजणींपैकी एकही आई व्हायला तयार होईना. पोटात काही नसताना कळा देणं अशुभ, असं त्या एकमुखानं म्हणाल्या.

मी आशेनं कंपाउंडरकडे पाहिलं.

"नही नही सायेब! मन्ही बायको माले घरमा घेवाव नही."

राहिलो मी. टेबलावर उताणा झोपलो, पुस्तकातल्या चित्राप्रमाणे. सुइणी जवळ आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या.

"असं कोण बाळंत होतं?" म्हातारी म्हणाली. "मेलेला असा झोपतो. ऊठ."

पडवीच्या आढ्याला त्यांनी दोर बांधला. मला गुडघ्यांवर बसवून दोर हातात दिला. दोघी मागून कंबर दाबायला लागल्या, एक समोरून गुडघे धरून बसली. पँट, शर्ट, गळ्यात स्टेथॉस्कोप, आणि मी दोराला लोंबकळलेला. गंमत म्हणजे त्या तऱ्हेनं बसल्यावर जोर कुठे लावायचा ते आपोआप कळत होतं. टेबलावर कळलं नसतं.

"ओरड की," म्हातारी दरडावून म्हणाली.

मी बेतानं 'आई गं' म्हणालो.

"एवढ्यानं तर मांजर पण होत नाही."

मग मी मनापासून ओरडलो. रस्त्यावरून जाणारा किराणा दुकानदार, मारवाडी शेठ, डॉक्टरला कोणी मारतंय असं वाटून काठी घेऊन पडवीत शिरला आणि आतला देखावा पाहून तसाच उलट पावली निघून गेला. त्यानंतर तो शेठ माझ्याशी कायम जरा अदबीनं, लांबून बोलायचा.

बाळ झालं. मला चटईवर झोपवलं, पोटाला फडकं आवळून बांधलं. आता माझं काम संपलं होतं, माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळ्याजणी बाळावर वाकल्या होत्या आणि शिक्षक इथेच आहे हे विसरून, नेहमीच्या सवयीनं, हात चालवत होत्या. मी खालून पडल्या पडल्या पाहत होतो. म्हातारीनं बाहेरून हिरवा बांबू तोडून आणवला, चिरून पातं काढलं, सुतळी कापली, पातं लांब भिरकावलं. आतापर्यंत सगळं झकास. मग तिनं कमरेची पुरचुंडी सोडली, चिमूटभर काळपट भुकटी काढली आणि चिंध्यांच्या बेंबीवर दाबून बसवली.

"ते काय आहे?" मी ओरडून उठलो.

चार हातांनी मला परत आडवं केलं. "बाळंतीण उठत नाही. वारं लागेल."

"अगं पण ते काय आहे!"

"शेणाची राख," म्हातारी म्हणाली. जणू मी विचारलं होतं की ते पाणी काय आहे.

मी पडून राहिलो. काही नाही, काही नाही, म्हणत पंधरा दिवस ज्यांनी माना डोलावल्या त्याच बायका आता राख नीट बसली का म्हणून बोट फिरवून पाहत होत्या. त्या खोटारड्या नव्हत्या. मी दरडावून विचारत होतो, त्या मला हवं ते उत्तर देत होत्या, जसं मी आयुष्यभर माझ्या मास्तरांना दिलं.

फडकं सोडवून मी कपाटातून पुस्तक काढलं आणि धनुर्वाताचं पान या खेपेला पुरतं वाचलं. जंतू राहतो मातीत, शेणात, आणि सगळ्यात जास्त घोड्याच्या लिदीत. बांबूचं नावसुद्धा नव्हतं. खाली पाहिलं तर मीच शेणानं सारवून घेतलेल्या पडवीत उभा होतो.

म्हातारीला समोर बसवून मी सगळं सांगितलं. बांबू चांगला आहे, मीच गाढव आहे, पातं फक्त उकळून घे. राख मात्र नको. बेंबीवर उकळून वाळवलेलं फडकं, दुसरं काही नाही. तिनं कमरेची पुरचुंडी चाचपली. मग म्हणाली, "राख माझी आई पण लावायची. तिची मुलं जगली. माझी जगली. सगळ्या पाड्यात लावते. मग त्या एकाच घरात का?"

"तू राख कुठून घेतेस?"

"ज्या घरात बाळंतपण, त्या घरातली. गोवऱ्या जाळून."

"कारभाऱ्याच्या घरात गोवऱ्या कुठे असतात?"

"घोडीपाशी," ती म्हणाली. कारभाऱ्याकडे घोडी होती, सबंध पाड्यात एकच. ती घरातच आडोशाला बांधलेली असायची. तिच्या शेजारी गोवऱ्यांची रास, राख निवायची ती तिथल्याच लिदीच्या मातीवर, आणि त्याच कोपऱ्यात सुनेची बाळंतपणं.

मला भरून आलं. म्हातारी निर्दोष होती आणि ते मी सिद्ध केलं होतं! मी ठरवलं, वर जायचं, कारभाऱ्याच्या अंगणात उभं राहून सगळ्या पाड्याला सांगायचं. कंपाउंडर म्हणाला, "सायेब, मी बोलस. तुम्ही नुसता मुंडी हालवा." पण वर्षभरात मी थोडी भिलोरी शिकलो होतो आणि ती दाखवायची मला हौस होती. वाटभर मी वाक्यं पाठ करत चढलो.

अंगणात माणसं जमली. कारभारी, त्याची बायको, उंबऱ्यात दिवस भरत आलेली सून, पाड्यातले पाचपन्नास. म्हातारी एका बाजूला. मी छाती भरून सांगितलं, "तुमची मुलं डाकिणीनं खाल्ली नाहीत! या बाईनं बेंबीला लावलेल्या राखेनं ती मेली!"

माझी भिलोरी नेहमी चुकायची. त्या दिवशीही चुकली असती तर किती बरं झालं असतं. दुर्दैवानं आयुष्यात पहिल्यांदाच ती अचूक आली.

कारभाऱ्याच्या बायकोनं सुनेला दंडाला धरून आत नेलं. एकानं जमिनीवरचा दगड उचलला, बहुधा नुसता हातात असावा म्हणून. मी आणखी समजावायला तोंड उघडलं तेव्हा कंपाउंडरनं माझ्या कोटाची बाही धरली आणि कानात म्हणाला, "सायेब, तुम्ही तिले वाचाडाले ऊनात का माराले?"

वाचवायलाच आलो होतो मी. माझ्या तोंडून निघालेला शब्दन् शब्द खरा होता आणि त्यातल्या प्रत्येकानं तिच्याभोवतीचा फास आवळला होता.

मग म्हातारी पुढे झाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ दारापाशी गेली आणि आतल्या सासूला हाक मारून म्हणाली, "तुला किती मुलं झाली?"

आतून उत्तर आलं, "पाच."

"कोणी केली बाळंतपणं?"

"तुझ्या आईनं."

"राख लावली?"

"लावली."

"किती जगली?"

"पाचही."

"तेव्हा घरात घोडी होती?"

सासू दारात येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, मनातल्या मनात ती होळ्या मोजत होती. "घोडी नंतर आली," ती शेवटी म्हणाली. "घोडी आली आणि पहिलं मूल गेलं."

सगळ्यांनी वळून घोडीकडे पाहिलं. ती बिचारी चारा चावत होती.

आता मला शास्त्राच्या दृष्टीनं हे सांगणं भाग होतं की दोष घोडीचा असा नाही, तिच्या लिदीत असलेल्या सूक्ष्म... कंपाउंडरनं आपली वहाण माझ्या पायावर ठेवली आणि सगळा भार दिला. मी गप्प बसलो. माझ्या कारकिर्दीत आरोग्यासाठी मी केलेलं ते सगळ्यात मोठं काम असावं.

दिवस मावळायच्या आत घोडी पाड्याच्या टोकाला, नव्या आडोशाला गेली. कोपरा खणून वरची माती बाहेर टाकली. सासूनं म्हातारीला सांगितलं, बाळंतपण तूच कर. पण हेही गेलं तर त्याच दिवशी पाडा सोड. म्हातारी म्हणाली, "सोडीन." एवढंच.

बाळंतपण झालं तेव्हा मी तिथे नव्हतो. मला निरोप मिळाला, मी निघालो आणि एका ओढ्याशी उजवीकडे वळायचं ते डावीकडे वळलो. पोहोचलो तेव्हा मुलगी दोन दिवसांची झाली होती. बेंबीवर पांढरं फडकं, दुसरं काही नाही. "सासू राख घेऊन तीनदा आली," म्हातारी म्हणाली. "मी फडक्यावर हात ठेवून बसून राहिले. झोपले पण तशीच." मला तिथे थांबता येत नव्हतं, दवाखाना उघडायचा होता. खाली आल्यावर मी औषधांच्या बाटल्या पुसत बसलो. पुसलेल्या परत पुसल्या. सातव्या दिवशी कंपाउंडरनं माझ्या हातातून फडकं काढून घेतलं. आठव्या दिवशी त्यानंच दोनदा चुकीचं औषध बांधलं.

नवव्या दिवशी आम्ही दोघं पहाटेच निघालो. कंपाउंडर पुढे, म्हणजे डावं-उजवं त्याच्याकडे. वाटेत कोणी भेटलं तर विचारायचं नाही असं आम्ही न बोलताच ठरवलं होतं. अंगणात पाय ठेवला आणि आतून मुलीचा आवाज आला. असा ठणठणीत, रागावलेला, की कंपाउंडर मटकन ओट्यावर बसला आणि त्यानं टोपीनं तोंड पुसलं. "घाम शे," तो म्हणाला. पहाटेच्या गारठ्यातून आलो होतो आम्ही.

सून मुलीला पाजत होती. सासूनं मला आत बोलावून फडकं उचलून दाखवलं. नाळ गळून बेंबी कोरडी झाली होती. "राखेशिवाय पडली," ती जरा तक्रारीच्या सुरात म्हणाली. म्हातारी कोपऱ्यात भाकरी खात होती, सुनेच्याच ताटात. तिला मी काही तरी मोठं बोलणार होतो, वाक्यसुद्धा तयार होतं.

तेवढ्यात खालच्या वस्तीवरचा एक माणूस धापा टाकत अंगणात आला. त्याच्या बायकोला पहाटेपासून कळा येत होत्या. त्या वस्तीनं वर्षभर म्हातारीला बोलावलं नव्हतं. तो बाहेरच उभा राहून, मान खाली घालून म्हणाला, "म्हातारे, येतेस का?"

तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, हात धुतले आणि कुंपणातून हिरवा बांबू तोडायला लागली. मी माझी बॅग उचलली.

"तू कुठे?" ती म्हणाली. "तू बस. वाटेत चुकशील, मग तुला शोधायला माणसं लागतील. आज माणसं मोकळी नाहीत."

मी बसलो. ती उतारावरून झपझप गेली, तो माणूस तिच्या मागे जवळजवळ पळत. सासू अंगणाच्या कडेपर्यंत गेली आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "लवकर ये गं! पोरीला न्हाऊ घालायचंय, पाणी ठेवते!"